जीपचा सांगाडा, अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन आणि एमजीचा तोंडावळा: उद्यमनगरातल्या एका शेडचा रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकतो, पाचपैकी साडेतीन. लोखंडाच्या कामाला पाचपैकी पाच, वायरिंगला एक (तोही वायरमन पोरगा बोलायला गोड होता म्हणून), वेळ पाळण्याला शून्य, आणि नंतरच्या सर्व्हिसला चार कारण फोन केला की उचलतात, आजकाल एवढं तरी कोण करतं.

आता रिव्ह्यू कशाचा ते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एक शेड आहे, पोटापाण्याचं काम ट्रॅक्टर-ट्रॉलीचं, पण मिस्त्रींना नाद आहे म्हणून भंगारातल्या सामानातून १९३०-४० च्या धाटणीच्या उघड्या गाड्या बांधून देतात. वर्षाला एखादी, फार तर दोन. नाव टाकत नाही, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. "साहेब, बोर्डावर ट्रॅक्टरच राहू दे, न्हायतर रोज लग्नवाले येऊन फोटो काढून जातील आणि काम कुणीच देणार न्हाई." बरोबर आहे त्यांचं.

आम्ही गाडी का बांधून घेतली तर आमच्या चुलतभावाचं मंगल कार्यालय आणि लॉन आहे, गेटपासून स्टेजपर्यंत नवरा-नवरीला आणायला त्याला काहीतरी पाहिजे होतं. घोडा झाला, पालखी झाली, बुलेटवरून एंट्री तर आता प्रत्येक लग्नात असते. भाड्याच्या "विंटेज" गाड्या मिळतात, पण त्या तुम्ही बघितल्या असतील तर मी काय म्हणतोय ते कळेल. लांबून फोटोत बरी दिसते, जवळ गेलं की हसू येतं. खाली जीप किंवा एखादी व्हॅन, वर पत्र्याचा फुगा, पुढं पितळेचं ताट, दोन्ही बाजूला भोंगे, मागं स्टेपनीचं खोटं झाकण. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नाक. पुढच्या चाकाच्या पुढं हातभर नाक लोंबत असतं.

माझं सगळं म्हणणं या नाकाभोवतीच आहे खरं तर. जुनी गाडी जुनी वाटते ती भोंग्यामुळं नाही, ठेवणीमुळं. एमजी ही इंग्लंडची स्पोर्ट्सकारवाली कंपनी, १९३६ ला तिचं टीए मॉडेल आलं, मग युद्धानंतर १९४५ ते ४९ टीसी, तिचा कुठलाही फोटो काढून बघा. रेडिएटर पुढच्या अ‍ॅक्सलच्या आसपास उभा, त्याच्या पुढं जवळजवळ काही नाही, नुसते मडगार्ड आणि दिवे. मग लांब अरुंद बॉनेट, आणि माणसं पार मागं, मागच्या अ‍ॅक्सलला टेकून बसल्यासारखी. चाकं उंच, १९ इंची तारांची, टायर सायकलचा मोठा भाऊ वाटावा इतके बारीक. हे सगळं जमलं तर गाडीला नुसता रेड ऑक्साइड मारून उभी केली तरी लोक वळून बघतात, आणि हे नाही जमलं तर तुम्ही पाच किलो पितळ लावा, काही होत नाही. तर ज्यांना अशी गाडी करून घ्यायचीय त्यांनी पैसे खाली घालावेत, चॅसीत, अ‍ॅक्सलमध्ये, इंजिन किती मागं सरकतंय त्यात. वरच्या शोभेचं नंतर बघता येतं.

या शेडमधे मला जे पटलं ते हेच, की मिस्त्रींनी पहिल्या भेटीत रंगाचं कार्ड दाखवलं नाही. शेडच्या कोब्यावर खडूनं गाडी काढली. आख्खी, खऱ्या मापात. टीसीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ९४ इंच, जुन्या सीजे-३बी जीपचा ८० इंच, म्हणजे १४ इंच कुठून तरी आणायचे, ते कुठं आणायचे हे त्यांनी खडूच्या त्या चित्रात उभं राहून दाखवलं. इथं रेडिएटर, इथं इंजिन, इथं पाय, आणि इथं तुम्ही बसणार म्हणून मला खरंच खाली कोब्यावर बसवलं आणि गुडघ्यापाशी खूण केली. चुलतभाऊ शंभर किलोच्या पुढं आहे, त्याला पण बसवलं. त्याची खूण वेगळी आली, मग त्या हिशोबानं बदल केला.

जीपच का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. अ‍ॅम्बॅसेडर किंवा पद्मिनी स्वस्तात मिळते की, तीच कापायची. कापून बघा. त्या दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसी नाहीच, बॉडी हाच सांगाडा, वरचा पत्रा काढला की खाली हातात काही राहत नाही. जीपला मात्र शिडीसारखी स्वतंत्र चॅसी, पुढं-मागं सरळ अ‍ॅक्सल आणि चारी बाजूला पाटे. आता गंमत अशी की १९३० च्या बहुतेक गाड्यांची खालची रचना अगदी हीच होती, त्यामुळं जीपवर बांधलेली गाडी चालतेही त्या काळातल्यासारखीच, खड्ड्यात आपटते, वळणावर जरा विचार करते. पुढं फोर-बाय-फोरचा अ‍ॅक्सल असेल तर तो डिफरन्शियलचा गोळा समोरून दिसतो आणि सगळा फील जातो, म्हणून पुढचा अ‍ॅक्सल टू-व्हील ड्राइव्ह महिंद्रा कमांडर जीपचा घेतला, साधा, आडवा, लपवायला काही नाही.

चॅसी वाढवायचं काम मी उभं राहून बघितलंय, आणि हेच काम बहुतेक ठिकाणी वाट लावतात. सरळ उभा काप घ्यायचा, मधे तुकडा घालायचा, वेल्डिंग मारायचं, ग्राइंडर फिरवून रंग. तो जोड कधीतरी तिथंच उघडणार कारण सगळा ताण एका रेषेत येतो. इथं काप तिरका घेतला, दोन्ही बाजूचे काप एकमेकांसमोर येऊ दिले नाहीत, आतून पट्टी सरकवली आणि ती पट्टी दोन्हीकडं वीतभर तरी जास्त. वेल्डिंगच्या आधी नुसतं टाके मारून ठेवलं आणि मग टेपनं कर्ण मोजले, डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, ओळंबा सोडून कोब्यावर खुणा घेतल्या. दोन सुताचा, म्हणजे पाव इंचाचा फरक आला. मला वाटलं चालतंय, गाडी काय मंगळावर जाणार आहे. मिस्त्रींनी टाके तोडले आणि परत लावलं. वेल्डर पोरगं वैतागलं होतं, मालकासमोर बोलणार कसं.

सुतावरून आठवलं, अशा गाडीत इंजिन कुठलं टाकता यावर पुढची दहा वर्षं तुम्ही कुठले पाने घेऊन फिरणार हे ठरतं. आम्ही अ‍ॅम्बॅसेडरचं पेट्रोल घेतलं, १४८९ सीसीचं. कारण एक म्हणजे ते उभं आणि अरुंद आहे, अरुंद बॉनेटखाली बसतं, जीपचं डिझेल बसत नाही आणि बसवलं तर उभ्या गाडीत आरसे असे थरथरतात की नवरीचा मेकअप दोनदा दिसतो. दुसरं कारण जरा भावनेचं आहे. हे इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज, आणि १९५५ ला एमजीए आली तिच्यात पण हेच १४८९ सीसीचं बी-सिरीज होतं. म्हणजे उत्तरपाड्याला बनणाऱ्या अ‍ॅम्बॅसेडर टॅक्सीचं आणि एमजीच्या स्पोर्ट्सकारचं इंजिन एकाच घराण्यातलं. त्यामुळं एमजीच्या तोंडावळ्याच्या गाडीत अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन घातलं तर ते उसनं वाटत नाही, निदान मला तरी. तिसरं, जीप आणि अ‍ॅम्बॅसेडर दोन्हीकडं नट-बोल्ट सुतात, म्हणजे इंचाच्या मापात, एकाच पिशवीत काम भागतं. मधेच कुणीतरी मारुतीची एखादी वस्तू घुसवतो आणि मग मिलिमीटरचे दहा-बारा नंबरचे पाने शोधत बसावं लागतं. आमच्या गाडीत अल्टरनेटर तसा आहे, तेवढं एक सोडा.

त्या इंजिनाचा एक गुण (की अवगुण) आधीच सांगतो म्हणजे गॅरेजवाल्याशी भांडण नको. क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सील नाही, शाफ्टवर आटे कापलेत ते तेल मागं परत ढकलतात, फिरताना ठीक चालतं आणि गाडी उभी राहिली की थेंब पडतो. नवीन करून आणलं तरी पडतो. लॉनवाल्या भावानं स्टेजसमोरच्या लाल कार्पेटवर पहिल्याच लग्नात डाग बघितला आणि मला फोन केला. आता इंजिनखाली एक ट्रे आहे, ट्रॅक्टरच्या पत्र्याचाच.

रेडिएटर ट्रॅक्टरचा आहे. ही आयडिया शेडचीच आणि एक नंबर. एक तर तो उभा असतो, जुन्या गाडीच्या तोंडासारखा, वर पितळी कवच घातलं की झालं. दुसरं म्हणजे लग्नाची गाडी गरम होते ती पळताना नाही, उभी राहून. बँजो वाजतोय, मामा नाचतायत, कॅमेरावाला म्हणतोय जरा मागं घ्या परत या, एप्रिल-मेचं दुपारचं ऊन, गाडी पहिल्या गिअरमधे रांगतीय, हवा कुठून येणार. कारचा पातळ रेडिएटर इथं उकळतो. ट्रॅक्टर दिवसभर रानात असाच रांगत असतो त्यामुळं त्याच्या रेडिएटरला याची सवय. मागून एक इलेक्ट्रिक फॅन लावलाय, समोरून दिसत नाही. अजून एकदा पण काटा वर गेला नाही.

रांगण्याचा हिशोब पण मिस्त्रींनी बरोबर धरलाय, तो मला नंतर कळला. मागचा अ‍ॅक्सल जुन्या जीपचा, ५.३८ रेशोचा, म्हणजे ताकद जास्त आणि पळ कमी. टायर ६.००-१६. टॉप गिअरला तीन हजार आरपीएमवर गाडी जेमतेम पंचाहत्तरने जाणार, हायवेला पळवायची असती तर मी डोक्याला हात लावला असता. पण पहिल्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून नुसतं आयडलिंगवर सोडली तर ती बरोबर माणसाच्या चालीनं जाते. क्लच दाबायला नको, ब्रेकला हात नको, वाजंत्र्यांच्या मागं आपोआप चालतीय. लग्नाच्या गाडीला दुसरं काय पाहिजे.

चाकांबद्दल जरा भांडण झालं. भावाला तारांची चाकं पाहिजे होती, टीसीसारखी. खरी मोटारीची तारांची चाकं परदेशातून मागवायची तर त्यांची किंमत ऐकून तोच गप्प बसला, मग कुणीतरी सांगितलं बुलेटची १९ इंची रिम लावतात. लावतात, मी बघितलीयत. पण मोटरसायकल वळताना झुकते, तिच्या तारांवर बाजूनं असा जोर येतच नाही, चारचाकी झुकत नाही, सगळं वजन वळणावर चाकाला आडवं ढकलतं आणि ती तार त्यासाठी बनवलेलीच नसते. मोटारीच्या तारांच्या चाकात तारा दोन-तीन थरात, रुंद हबवर तिरक्या ओवलेल्या असतात त्या त्याचसाठी. मिस्त्रींनी सरळ सांगितलं, "नवरा-नवरी बसणार त्यात, मी न्हाई लावणार." पैसे मिळत असताना नाही म्हणणारा माणूस, इथं माझा विश्वास बसला. शेवटी जीपच्याच १६ इंची लोखंडी रिम, क्रीम रंग देऊन, आणि खरं सांगायचं तर छान दिसतात. टायर घेताना तेवढं बघा, ६.००-१६ हाच साइज ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरचा पण आहे, दुकानदार तीन कडांचा ट्रॅक्टरचा टायर गळ्यात मारतो. जीपचा मागा.

ब्रेक चारी चाकांना ड्रमच. जुन्या जीपला मास्टर सिलिंडर सिंगल, एक पाइप गेला की चारही गेले, तो काढून डबल सर्किटचा बसवायला मी लावला. याचे वेगळे पैसे घेतले, द्यावेत.

बॉडीला खाली सागवानाची चौकट आहे आणि वर पत्रा, जुन्या पद्धतीनं. सुतार उद्यमनगरातलाच, फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे लाकडी नमुने करणारा, त्यामुळं माप म्हणजे माप. कोल्हापूरचा खरा फायदा इथं कळतो बघा. पुण्या-मुंबईत तुम्हाला एखादी वस्तू मिळाली नाही तर तुम्ही शोधत बसता. इथं ती बनवतात. काच पुढं पाडायची सोय असलेलं विंडस्क्रीन पाहिजे होतं, त्याचे दोन बाजूचे खांब कुठंच मिळेनात, तर त्या सुतारानं लाकडाचा पॅटर्न केला, दोन गल्ल्या पलीकडं गनमेटलमधे ओतले, समोरच्या लेथवर भोक मारून आटे पाडले आणि बफिंगवाल्याकडून चकाकून आले. मी दोन्ही खांब हातात घेऊन बघितले, डावा उजवा आरशातल्यासारखे, आणि मुळाशी बारीक आकड्यात त्या पॅटर्नवाल्यानं साल कोरलंय. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. गाडीत मला सगळ्यात जास्त आवडणारी वस्तू तीच.

पत्र्याचं काम मात्र अर्धं-अर्धं. पुढचे मडगार्ड हातानं ठोकून काढलेत, वाळूच्या पिशवीवर, एक जुने डेंटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, त्यांचं काम. लाइटीत तिरकं बघितलं तरी लाट नाही. मागची बॉडी त्यांच्या पोरांनी केली आणि तिथं लांबी (पुट्टी) भरलीय. रुमालात लोहचुंबक गुंडाळून फिरवा, जिथं चिकटायचं सोडतो तिथं पत्र्यावर लांबीचा जाड थर. आमच्या गाडीत डिकीच्या गोलाईवर चुंबक सुटला. आत्ता दिसत नाही, दोन पावसाळे गेल्यावर फुगणार. पेंट मारायच्या आधी हे करा, नंतर सगळेच "काय होत नाही साहेब" म्हणतात.

जुन्या वस्तूंची खरेदी ही वेगळीच करमणूक. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेत, तिथं मीटर, स्विच, बिजागऱ्या असली किरकोळ मालमत्ता मिळून जाते, घासाघीस करावी लागते पण माणसं बरी. मुंबईला कुर्ल्याला सीएसटी रोडला मेकॅनिकल सामान जास्त, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, स्टिअरिंग बॉक्स, तिथं मिस्त्रीला घेऊनच जा, एकट्यानं गेलात तर रंग मारलेला भंगार घेऊन याल. चोर बाजारात मटण स्ट्रीटला पितळी वस्तू, भोंगे, दिवे. दिसायला सगळं "ब्रिटिश के टाइम का", उलटं करून बघितलं तर स्क्रू नवीन स्टारचे. भोंगा नवीन असला म्हणून बिघडत नाही, पैसे नव्याचे द्या एवढंच. आणि काहीही घ्या, इंजिन तर विशेष करून, पावती घ्या. नंबर घासलेलं इंजिन फुकट दिलं तरी नको.

पितळेवरून शेवटचा वाद झाला. भावाला बॉनेटवर पण पितळ, दारावर पण पितळ, मडगार्डला पण पट्टी. मिस्त्री बराच वेळ ऐकून घेत होते, मग म्हणाले, "मालक, गाडी हाय ही, देव्हारा न्हवं." त्यानंतर भोंगा एक आणि रेडिएटरचं कवच, एवढ्यावर मिटलं.

आता तक्रारी. वायरिंग. अख्ख्या गाडीत लाल वायर. दिव्याला लाल, हॉर्नला लाल, अर्थिंगला पण लाल. फ्यूज बॉक्स नावाला एक, त्यात दोन फ्यूज, आणि वायरी सागवानाच्या चौकटीतून नेल्यात, म्हणजे कुठं घासून शॉर्ट झाली तर खाली लाकूड, मागं पेट्रोलची टाकी. हे मी शेडमधे सांगितलं तर पोरगा म्हणाला ट्रॅक्टरला असंच करतो. ट्रॅक्टरला लाकूड नसतं रे बाबा. शेवटी सगळं काढून सांगलीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून रंगवार वायरी आणि सर्किटला वेगवेगळे फ्यूज घालून करून घेतलं, त्याचा खर्च माझ्याच डोक्यावर.

पेट्रोलचे होज पण बघून घ्या. हल्ली पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल, जुन्या धाटणीचं रबर ते खातं, पाइप आतून मऊ होतो, पंपाचा डायफ्रॅम ताठ होतो. शेडनं साधा पाइप टाकला होता आणि तो पण एक्झॉस्टच्या अंगाला, उन्हाळ्यात पाइपातच पेट्रोलची वाफ झाली की गाडी बंद, ती पण नेमकी वरमाईसमोर. इथेनॉलला चालणारा पाइप घेऊन लांबून फिरवला, तेव्हापासून तक्रार नाही.

वेळेचं काय बोलायचं. गणपतीच्या आधी देतो, मग दसऱ्याला नक्की, मग उसाचा हंगाम सुरू झाला आणि ट्रॉल्यांची रांग लागली, आमची गाडी मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली. ट्रॉलीवाल्याची रोजची मजुरी बुडते, आपली हौस थांबू शकते, हे त्यांचं गणित मला मान्य आहे, पण मग तारीख देऊ नये ना. लग्नाची बुकिंग घेऊन बसलेला माणूस तारखेवर जगतो. खर्च सगळा मिळून पाच-सहा लाखांच्या घरात गेला, त्यात वायरिंग परत केलेलं धरून. हिशोब वहीच्या पानावर, मजुरी एक आकडा, सामान एक आकडा, बस. सुटा हिशोब मागितला की चहा मागवतात.

आणि कायद्याचं, जे बहुतेक जण झाकून ठेवतात. ही गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं जशी बनवली आणि आरसीवर जशी लिहिली त्यापेक्षा वेगळी करायची नाही, आणि सुप्रीम कोर्टानं पण जानेवारी २०१९ मधे हेच पक्कं केलं. कुणी म्हणेल विंटेजमधे नोंद करू. २०२१ च्या नियमात विंटेज म्हणजे पन्नास वर्षांच्या पुढची आणि मूळ रूपातली गाडी, चॅसी, बॉडी, इंजिन यात मोठी फेरफार चालत नाही, "व्हीए" असलेला वेगळा नंबर मिळतो, आणि तीसुद्धा धंद्याला वापरता येत नाही. म्हणजे आमची गाडी दोन्हीकडून बाद. म्हणून ती लॉनच्या कंपाउंडच्या आतच चालते, खाजगी जागेत. कितीजण येऊन विचारतात, परण्या निघताना मारुतीच्या देवळापर्यंत तेवढी द्या, दोनशे मीटर तर आहे. नाही देत. वाटेत एखादं पोर आडवं आलं तर इन्शुरन्स नाही, आरसी नाही, मग नवरदेवाचा बाप ओळख दाखवत नाही.

आणि तिला विंटेज म्हणायचं पण मी भावाला बंद केलंय, बोर्डवर "जुन्या धाटणीची गाडी" लिहिलंय. कोल्हापूरकरांना तरी फरक कळायला हवा, शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते ती दरवर्षी डोळ्यासमोरून जाते. ती विंटेज. आमची नाही. पण म्हणून ही काही कमी दर्जाची गोष्ट आहे असं नाही, भंगारातून गाडी बांधायची परंपरा इंग्लंडमधे पण जुनीच आहे. ऑस्टिन सेव्हन, ७४७ सीसीची एवढीशी गाडी, १९२२ ते ३९ लाखोंनी निघाली, मग जुन्या झाल्यावर पोरं त्या कवडीमोलानं घेऊन बॉडी फेकून देऊन वर स्वतःची चढवायची, "स्पेशल" म्हणायची त्यांना. त्यासाठी ७५० मोटर क्लब १९३९ पासून आहे. लोटस काढणारा कॉलिन चॅपमन, त्याची पहिली गाडी १९४८ ची, तीसुद्धा १९२८ च्या जुन्या ऑस्टिन सेव्हनवर बांधलेली. तर मिस्त्रींना मी हे सांगितलं, त्यांनी विचारलं, "त्याला वायरमन कुठला मिळाला होता?"

मग घ्यावी का? तुमची जागा खाजगी असेल, हॉटेल, फार्महाउस, कार्यालय, आणि घाई नसेल तर या शेडसारखं काम भाड्याच्या गाड्या बनवणाऱ्यांकडं मिळणार नाही. चॅसी, अ‍ॅक्सल, इंजिन, ब्रेक, ओतीव काम त्यांच्याकडं द्या. वायरिंग आणि रंग दुसरीकडं. अ‍ॅडव्हान्स अर्धाच द्या आणि चॅसीचं वेल्डिंग रंगाआधी बघायचं हे आधीच ठरवा, ते नाही म्हणत नाहीत. सीझनमधे, म्हणजे ऊसतोड चालू असताना, काम सुरूच करू नका, मार्चनंतर जा.

आमचं एकच काम राहिलंय, वायपरचं. पाडायच्या काचेला मोटर वरच्या चौकटीवर छोटी लागते, अ‍ॅम्बॅसेडरची बसवली तर नारळ ठेवल्यासारखी दिसते. मिस्त्री म्हणतात युद्धातल्या जीपसारखा हातानं फिरवायचा वायपर करू, लेथवर दोन तासाचं काम. कुणाकडे जुनी लुकासची १२ व्होल्टची छोटी वायपर मोटर पडून असेल तर सांगा, चालू नसली तरी चालेल, योग्य पैसे देऊ.